बाजूनं काढलेला एक्स-रे

गच्चीवर पापड वाळत घालताना पाय घसरला आणि मी उजव्या हातावर पडले. समोरून काढलेल्या एक्स-रेत मनगटाची हाडं शहाण्यासारखी ओळीत बसलेली दिसली, तेव्हा मला वाटलं, सुटले. पण डॉक्टरीणबाईंनी हात आडवा ठेवायला लावून बाजूनंही एक फोटो काढला. "हे चंद्रकोरीसारखं हाड म्हणजे कप समजा," त्या म्हणाल्या. "तुमचा कप कलंडलाय. समोरून ते पटकन लक्षात येत नाही." मग त्यांनी तो जागेवर बसवला आणि हात प्लास्टरमध्ये गेला.

तेव्हापासून सकाळचा चहा हे करतात. मी दाराशी स्टुलावर बसून बघते. तीस वर्षं नवरा मला समोरूनच दिसला होता, म्हणजे उघडा पेपर आणि त्याच्यामागून "चहा झाला का?" बाजूनं मात्र ओठ मुडपून, जीव लावून चहा गाळणारा माणूस दिसतो. माझ्या कपात अर्धा चमचा साखर जास्त घालतो. मला चहा जरा गोड लागतो, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

प्लास्टर गुरुवारी निघणार आहे. डॉक्टरीणबाईंकडे आणखी एक आठवडा मागून बघावा म्हणते.