आक्कांच्या साडीवरच्या लाटा

वडगावात मी ज्यांच्या माडीवरच्या खोलीत राहतो, त्या आक्कांना आपला एक फोटो काढून ठेवायचा होता. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुखणं अंगात मुरलेलं, दवाखान्याच्या चकरा चाललेल्या. अशा वेळी बाईमाणूस ठेवणीतली साडी काढून फोटोला बसायचं म्हणते, तेव्हा घरात सगळ्यांना कळतं आणि कोणी बोलत नाही.

साडी त्यांच्या मालकांनी हातमागावर विणलेली, माग बंद करायच्या आधीची शेवटची. मालक जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"माझं तोंड ल्हान आलं तरी चालंल," आक्का म्हणाल्या, "वाळून गेलंय ते. साडी मात्र सगळी काठासकट दिसू दे. ह्यांच्या हातचं आता तेवढंच उरलंय."

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली, ऊसतोडीच्या टोळीबरोबर संकेश्वरकडं आलो आणि परत गेलोच नाही. उद्यमबागेत लोखंड ओतायच्या फाउंड्रीत काही दिवस काढले, मग एका स्टुडिओत झाडलोट करता करता कॅमेरा हातात आला. इथं पहिल्यांदा तापानं पडलो तेव्हा ह्याच आक्कांनी माडीचा जिना चढून पेज आणून पाजली होती. त्यांचा फोटो आपल्या हातून बिघडला तर काय, ह्या विचारानं आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

स्टुडिओच्या मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांच्याकडं चौकोनी फिल्मचा जुना मीडियम फॉरमॅट कॅमेरा आहे. पोटाशी धरून वरून वाकून काचेत बघायचं. आत माणूस दिसतो, पण डावा हात उजवीकडं. फिल्म मिळेनाशी झाली, धुवायलाही लांब पाठवायची पाळी आली, तशी अण्णांनी त्याला वापरलेली एक डिजिटल बॅक घेतली. म्हणजे मागची फिल्मची डबी काढायची आणि तिथं ही चपटी पेटी बसवायची. लेन्स तीच, खटक्याचा आवाज तोच, फोटो मात्र लगेच मागच्या छोट्या पडद्यावर. पेटीचा चौकोन फिल्मपेक्षा लहान, त्यामुळं काचेत दिसतं तेवढं सगळं फोटोत येत नाही. अण्णांनी काचेवर पेन्सिलीनं रेघा मारून ठेवल्यात. माणूस त्यांच्या आत बसवायचा.

आक्का रिक्षातून उतरल्या तेव्हा अण्णा दारातच होते.

"आक्का, लग्नाला निघालाय व्हय?"

"व्हय की. नवरा कवाच पुढं जाऊन बसलाय."

अण्णा हसले आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन गेले.

मी रेघांच्या आत सगळी साडी बसवली आणि खटका दाबला. फिल्मच्या वेळी काढलेला फोटो तिथल्या तिथं बघायला कोणी मागत नसे. आक्का म्हणाल्या, "दाखीव." माझा हात अडला. आपलं वाळलेलं तोंड बघून त्यांना काय वाटेल? पण त्यांनी तोंडाकडं बघितलंच नाही.

"हे काय रं?"

पदरावर, मांडीवर, सगळीकडं तांबड्या-हिरव्या लाटा उमटल्या होत्या. साडीची वीण बारीक. धागे ओळीनं, पेटीतले फोटो टिपणारे ठिपकेही ओळीनं. मच्छरदाणीवर मच्छरदाणी टाकली की दिसतात तशा लाटा. फिल्मवर असलं कधी झालं नव्हतं. मी हे सगळं चाचरत सांगितलं.

"लोकांला काय ठावं ते? बघणारा म्हणणार, वीण चुकलीया. ह्यांनी असलं कधी विणलं न्हाई."

"आक्का, कॉम्प्युटरवर पुसतो की," अण्णा म्हणाले.

"पुसशीला, आन त्यासंगं ह्यांचं धागंबी पुसशीला."

मी खुर्ची सरकवली, त्यांना थोडं तिरकं बसवलं. पदरावरच्या लाटा गेल्या आणि गुडघ्यावर आल्या. पुन्हा काढला, पुन्हा दाखवला. आक्कांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. बसणं त्यांना जड जात होतं. फिल्म मागवावी म्हटलं तर ती यायची कधी, धुवून फोटो हातात यायचा कधी? तेवढे दिवस आहेत का, हे कोणाला विचारायचं?

एक उपाय मला माहीत होता. सांगवत नव्हता.

"आक्का, अगदी जवळ आलो तर धागे मोठे दिसतात, लाटा जातात. पण मग काठ येणार नाही. पदर येईल खांद्यावरचा, आणि..."

"आन तोंड."

"हो. मोठं येईल."

त्यांनी गालावरून हात फिरवला.

"ये मग जवळ."

मी कॅमेरा पुढं नेला आणि वाकलो. काचेत त्यांचे बसलेले गाल, डोळ्यांखालचं काळं, सगळं आलं. रेघांच्या आत दुसरं काही मावतच नव्हतं.

पडद्यावर मी खांद्याचा भाग मोठा करून दाखवला. धागा न् धागा सुटा दिसत होता. आक्कांनी डोळे बारीक करून बघितलं.

"हां. हे ह्यांचं."

आठवडाभरात फोटो फ्रेम होऊन घरी आला. आक्का म्हणाल्या, बाहेरच्या खोलीत ह्यांच्या शेजारी लाव, आत्ताच. सून घाबरली. "अवं, जित्त्या माणसाचा असा लावत न्हाईत."

"माझा कुठं हाय गं? साडीचा हाय."

सून माझ्याकडं बघत राहिली. आक्कांनी खिळा माझ्या हातात दिला, मालकांच्या फोटोशेजारची जागा दाखवली आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. मी खिळा भिंतीला टेकवून हातोडी उचलली.

"सरळ मार," त्या म्हणाल्या.

मी मारला.