उभ्या गाडीतलं वाचन

मला वाचायला फक्त गाडीत जमतं. चुडाव्याहून परभणीला रोज अपडाउन करणाऱ्या बाईला दुसरीकडं कुठं जमणार? घरात पुस्तक हातात घेतलं की ही रिकामी आहे हे लगेच कुणाला तरी कळतं. पॅसेंजरमध्ये मात्र मी कुणाची सून नसते, कुणाची आई नसते, आणि खिडकीची जागा मिळाली तर ऑफिसातली क्लार्कही नसते. इतक्या वर्षांत जे काही वाचलं, ते सगळं हलत हलत वाचलं.

मग कोरोना आला आणि पॅसेंजर बंद झाली. लोकांना दवाखान्याची, किराण्याची काळजी होती. मलाही होती. पण खरं सांगायचं तर माझा जीव त्या तासाभरासाठी तुटत होता, आणि हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. स्वयंपाकघरात वाचायला बसले तर भाजी करपली. गच्चीवर गेले तर मागोमाग नवरा आला, "बरं नाही का?" म्हणत.

शेवटी एका दुपारी अंगणात शेवग्याखाली उभ्या असलेल्या आमच्या जुन्या कारवरची ताडपत्री काढली, पुढच्या सीटवर बसले आणि पुस्तक उघडलं. जमलं की. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "कुठं निघालात?" म्हटलं, "परभणीला." त्यांनी मान डोलावली. त्या दिवसांत कुणी कुणाच्या डोक्याची चौकशी करत नव्हतं.

घरच्यांनाही सवय झाली. मला कुणाचा फोन आला की मुलं सांगायची, "आई गाडीत हाय, नंतर करा." लोक नंतर करायचे.

त्यातच पालमचे मामा कोरोनानं गेले. मामा म्हणजे माझ्या सासूचे एकुलते एक भाऊ. आम्हाला फोन आला तोवर तिकडं सगळं उरकलंही होतं. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, "मला पालमला न्या" म्हणत दारात बसल्या. कोण नेणार? रस्त्यावर पोलीस, आणि मामांच्या घरातले बाकीचेही आजारी. मग जो तो त्यांना समजवायला लागला. रडू नका, बीपी वाढंल, पोरं भितील. त्या गप्प झाल्या. सगळ्यांना बरं वाटलं.

पुढं एका दुपारी मी वाचत असताना कारचं मागचं दार उघडलं आणि आत्याबाई आत येऊन बसल्या. मला असा संताप आला म्हणून सांगू. अख्ख्या घरात एवढी एक जागा माझी, तीही गेली.

"काही पाहिजे का तुम्हाला?" मी मागं न बघता विचारलं.

"काई न्हाई. तू वाच. मी बोलत न्हाई."

पदर सावरून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. तिथून आमचा पाण्याचा हौद दिसतो, दुसरं काही नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लय दिस झाले पालमला जाऊन," आणि रडायला लागल्या. मोठ्यानं, पोटभर. मी पुस्तक तसंच उघडं धरून बसले. मिटलं असतं तर त्या थांबल्या असत्या.

आवाज ऐकून नवरा बाहेर आला. "आईला काय झालं?"

"गाडी लागली," मी म्हटलं.

त्यानं आईकडं बघितलं. कित्येक महिन्यांत जागची न हललेल्या चाकांकडं बघितलं. मग आत गेला आणि अर्धं लिंबू घेऊन आला. ते खिडकीतून तिच्या हातात दिलं, आणि घरात जाऊन दार लोटून घेतलं.