होटगीच्या बाईंचा रॅप

शिक्षकांना रॅप शिकवणं हे माझं काम. ऐकणाऱ्याला आधी हसू येतं, मग माझी कीव. पोरांनी वर्गात आपलं म्हणणं तालात, ठणकावून मांडावं. त्यासाठी आधी गुरुजींनी आणि बाईंनी ते करून बघावं, एवढीच कल्पना. सोलापुरात दोन दिवसांची कार्यशाळा मिळाली, तीही अटीवर. शिक्षण खात्यातल्या साहेबांनी बजावलं होतं की संध्याकाळी ते स्वतः येतील आणि थिल्लरपणा दिसला तर दुसरा दिवस रद्द. मला तो दुसरा दिवस फार हवा होता. पहिल्या दिवशी शिक्षक नुसते लाजतात.

सकाळ दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि अध्यक्षांच्या निवडीला अनुमोदन यातच गेली. रॅपला अध्यक्ष कशाला, हे मी विचारलं नाही. दुपारी कागद वाटले, म्हटलं, स्वतःबद्दल चार ओळी लिहा. एका गुरुजींनी लिहिलं, झाडे लावा. दुसऱ्यांनी पाणी वाचवलं, तिसऱ्यांनी हात धुतले. माझं डोकंच फिरलं. मी जाहीर केलं की झाड, पाणी आणि साबण आजपुरते बंद. शाळेत ज्याचा मनापासून वैताग येतो ते लिहा. त्यानंतर कागद कमी पडले.

चहा झाल्यावर होटगीच्या बाई उठल्या. निवृत्तीला आलेल्या, सकाळपासून मागे बसून शेंगा खाणाऱ्या. आमच्याकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून त्यांनी पदर खोचला. आम्ही टाळ्यांचा ठेका धरला.

"शाळा उघडली, फोटो टाका,
खिचडी शिजली, फोटो टाका,
झाड लावलं, फोटो टाका,
वाळून गेलं? जुनाच टाका!"

हॉल हसून लोळायचा बाकी होता. नेमके तेव्हाच साहेब दारात आले. साहेब दिसले की उभं राहायचं, ही सवय शिक्षकांच्या हाडात मुरलेली. सगळे ताडकन उठले. बाईंना वाटलं, हा मान आपलाच. त्यांना चेव चढला. मी डोळ्यांनी खुणावत होते, तर त्यांनी हात वर करून मलाच गप्प केलं.

"धडा शिकवाय बसले खाली,
तवर साहेबांची लिंक आली!"

टाळी एकही पडली नाही, तेव्हा त्या वळल्या. गेला दुसरा दिवस, असं मी धरूनच चालले. बाईंनी मात्र खोचलेला पदरसुद्धा सोडला नाही.

साहेब दोन पावलं आत आले. मग म्हणाले, "मलाबी वरनं माहिती भरायच्या लिंका येत्यात की, बाई. त्याचं कुणी लिवलंय का?"

"ते तुमचं तुमीच लिवायचं, साहेब. बसा हितं."

बाईंनी स्वतःचा पेन पुढे केला. साहेब बूट काढून सतरंजीवर बसले. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आम्ही त्यांच्याकडे न बघण्याचं नाटक करत होतो. अखेर ते उभे राहिले, कागद छातीशी धरला.

"चार ओळी आज वाचतो, बाकीच्या उद्या," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी मोबाइल काढून त्यांच्यावर धरला.

साहेबांनी कागद पाठीमागे नेला. "आदी समद्यांनी मोबाइल बंद करा."