अजून अवकाश आहे

सेलूच्या कॉलेजात मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. परवा मला अभ्यासक्रमाबाहेरचा अवकाश-काल शिकवायची खाज आली. घरातली नवी चादर नेली, चार पोरांना तिचे कोपरे ताणून धरायला लावले आणि मधोमध गोळाफेकीचा गोळा ठेवला. चादर खोल गेली.

"सूर्यामुळं अवकाश असाच वाकतो," मी म्हणालो.

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, जागा वाकलेली दिसायलीय, पण यात वेळ कुठं हाय?"

"अगं, दोन्ही एकच!"

"जागा अन् वेळ एकच कसं असंल?"

मग मी फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. घसा कोरडा पडला, तरी कुणाच्या डोक्यात काही शिरेना. माझं डोकं तापलेलं, त्यात मागून एकानं विचारलं, "सर, मंग हे विश्व संपणार कवा?"

"त्याला अजून लय अवकाश आहे!" मी खेकसलो.

ती मुलगी हळूच म्हणाली, "म्हंजे सर, अवकाश म्हणजे वेळबी?"

जन्मभर हा शब्द माझ्याच तोंडात होता, आणि मी गाढव घरून चादर घेऊन आलो होतो.