फ्लॉपीच्या आधी पोचलेला ड्रायव्हर

भुतंखेतं, अंगात येणं, कौल लावणं... यातलं मी काहीही मानत नाही, हे आधीच सांगते. ज्याची लॉग फाइल, म्हणजे मशीननं आपोआप केलेली नोंद, निघत नाही ते घडलंच नाही, असं म्हणणारी मी बाई! माझी पंचाईत हीच, की याची लॉग फाइल निघाली.

२००३ साल, बालाघाट. बुद्धविहारामागच्या खोलीत मी वस्तीतल्या बायकांना कॉम्प्युटर शिकवायचे. मोडीतून आणलेलं एकच मशीन, त्यावर लिनक्स. खोली वर्गाला द्यायची की नाही, हे ठरवायला विहाराची समिती दुपारी दोनला येणार होती — आणि पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं, चित्र नाहीच!

लिनक्स एका फाइलीत ग्राफिक्स ड्रायव्हरचं, म्हणजे पडद्यावर चित्र आणणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव वाचतं, त्या नावाचं मॉड्यूल, म्हणजे त्या ड्रायव्हरची फाइल, डिस्कवर शोधतं, ते मिळालं तरच चित्र दिसतं. आमच्या कार्डाचं मॉड्यूल नव्हतंच. तुमसरचा माझा मामेभाऊ प्रदीप ते तयार करत होता. सकाळी माझ्या घरी त्याचा फोन आला, "ताई, झालं एकदाचं! फ्लॉपी घेऊन निघून राह्यलो. तू फाइलीत नाव तेवढं लिहून ठेव."

लिहिलं. दीड वाजला तरी प्रदीपचा पत्ता नाही.

"मॅडम, काहून सुरू नाही होत?" वर्गातल्या शकुनबाईंनी विचारलं.

"ड्रायव्हर नाही आला अजून."

"बसचा?"

हसावं की रडावं! घालमेलीत मी पुन्हा पुन्हा कमांड देत होते. दहा वेळा एकच उत्तर — मॉड्यूल सापडलं नाही. अकराव्यांदा... पडदा लखकन उजळला! राखाडी जाळी, मधोमध माउसची फुली, मग अख्खा डेस्कटॉप! बायकांनी टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली. समितीसमोर शकुनबाईंनी स्वतःचं नाव टाइप केलं, आणि खोली आमची झाली.

तीनला प्रदीप धापा टाकत आला. "वारासिवनीजवळ बस बिघडली ना, ताई..." आणि पडद्याकडे बघून थबकला. "हे काहून चालून राह्यलं?"

लॉग उघडला. मॉड्यूल लोड झालेलं, आणि खाली इंग्रजी अक्षरांत एक ओळ — 'उठ बाप्पा'.

प्रदीपनं माझा हात घट्ट धरला. "ताई, ही ओळ मी टाकली. आज सकाळी! आपलाच ड्रायव्हर लागला का, ते समजावं म्हणून. एक तं ती तुमसरच्या मशीनवर आहे, नाही तं या फ्लॉपीत. तुले कुठून भेटली?"

आमच्याकडे इंटरनेट सोडा, खोलीत फोनसुद्धा नव्हता. मी फ्लॉपी घातली.

कोरी! ना एरर, ना खराबी. एकही फाइल नाही.

"निघताना दोनदा पाह्यली ना मी..." तो पुटपुटला.

जाणकार म्हणतात, तुम्हीच आधी कॉपी केली असेल. सकाळी जन्मलेली फाइल, चाळीस-पन्नास मैलांवरून, कधी आणि कशी? मला आजवर उलगडलेलं नाही. प्रदीप हा विषयच काढू देत नाही. मी मात्र भेटेल त्याला सांगत सुटते!