आवाज पोटात लागला पायजे

भाऊ मोटरसायकलचा आवाज तोंड उघडून ऐकायचे. कुणाचीही गाडी सुरू झाली की जरा वाकायचे, मान तिरपी करायचे आणि आ करून उभे राहायचे. नव्या माणसाला वाटायचं, यांची जांभई अडकली.

"तोंड मोकळं ठेवा जी," ते सांगायचे. "आवाज पोटात लागला पायजे."

तुमच्याही ओळखीत असा एखादा बुलेटवेडा असेलच. आमच्या ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या क्वार्टरांत तो मान भाऊंचा होता. ते वरच्या मजल्यावर, मी खाली. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, म्हणून त्यांच्यासाठी मी 'पेटीवाले'. रविवारी सकाळी ते गाडी पुसायला घेत आणि इतकी पुसत, की वहिनी गॅलरीतून ओरडत, "एवढा वेळ सोताचं आंग घासाले लावत जा जी!"

नोकरीची शेवटची दोनेक वर्षं राहिली आणि भाऊंना कमी ऐकू यायला लागलं. त्यांच्या वडिलांचंही तसंच झालं होतं, म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं. फोन वाजून वाजून थांबायचा. वहिनी एकच गोष्ट दोनदा सांगायच्या. पण एका रविवारी भाऊंनी किक मारली, आ करून उभे राहिले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पेटीवाले, गाडी काऊन बोलत नाई?"

गाडी नेहमीसारखीच धडधडत होती. मी बोटानं थरथरता सायलेन्सर दाखवला. भाऊंनी तोंड मिटलं. त्या दिवशी फडकं तसंच सीटवर पडून राहिलं.

पुढच्या आठवड्यात ते मला घेऊन चंद्रपूरला निघाले. त्यांना ऐकू येईल असा सायलेन्सर बसवायचा होता. सुरांचा कान म्हणून पारखी मी!

दुकानदार एकेक सायलेन्सर चढवून गाडी रेस करून दाखवायचा आणि भाऊ मला विचारायचे, "कसा हाय, सांगा."

पहिल्याला मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "टिनाच्या छपरावर कुणी चिंचोके ओतल्यासारखा."

"काढा," भाऊ म्हणाले.

दुसऱ्याला म्हटलं, "शेळीला ठसका लागलाय."

दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढं उपमा देणं बंद केलं. तिसरा बाटलीसारखा लांब होता आणि आवाज दाबणारी आतली जाळी दुकानदारानं काढून टाकली होती. त्यानं रेस केली आणि मी दोन पावलं मागं उडालो. भाऊंचा चेहरा मात्र फुलला. "बोलली! पेटीवाले, बोलली!"

"बिनाजाळीचा हाय जी, पोलीस पकडते," दुकानदार म्हणाला. मी ते भाऊंच्या कानात सांगितलं. तेवढं त्यांना ऐकू आलं नाही.

कॉलनीत शिरलो तेव्हा आधी कुत्री बाहेर आली, मग माणसं. रात्रपाळी करून झोपलेले लोक बनियनवर खाली उतरले. दोन दिवसांनी चौकात हवालदारानं गाडी अडवली. मी मागं बसलेलो.

"आवाज लय हाय गाडीचा!"

"अँ?"

"आवाज! आवाज!"

"जोरात बोला साहेब, मले कमी ऐकू येते."

हवालदार एवढ्यानं ओरडला, की चौकातला पानवाला, रिक्षावाले, सगळे आमच्याकडे बघायला लागले. शेवटी स्वतःच हसत सुटला. "उद्या बदलवून टाका, काका," म्हणाला आणि जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी पदर खोचून खाली आल्या. "मीबी येतो संगं," म्हणाल्या.

दुकानात त्यांनी जाळीवाले तीन सायलेन्सर बाजूला काढायला लावले. मग भाऊंना म्हणाल्या, "एकेक लावा अन् दुरून चालवत या. मी पाठ करून उभी राह्यतो." रस्त्यापलीकडच्या रसवंतीपाशी त्या खरंच दुकानाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. शेजारी मी. पहिल्या दोन फेऱ्यांना त्या हलल्या नाहीत. मग एक बुलेट अगदी जवळून गेली, तरी नाही. ती दुसऱ्याच कुणाची होती. आणि थोड्या वेळानं, मला गर्दीत काही वेगळं कळायच्या आधी, त्या वळल्या. "हे आले." भाऊ अजून बरेच लांब होते. दबका, खोल आवाज. घरात कुणी पाटावर हळूहळू थाप मारावी तसा.

भाऊंना तो पटला नाही. "मले तं ऐकूच येत नाई वो."

वहिनी त्यांच्या कानाशी गेल्या. ओरडल्या नाहीत, सावकाश बोलल्या. "तुमाले नाई जी, मले ऐकू आला पायजे. रविवारी तुमी गावी वावरात जाता. जंगलाचा रस्ता. फोन उचलत नाई. मी गॅलरीत उभी राह्यतो. गाडी वळणावर आली का मले समजलं पायजे, का आता भात टाकाचा."

भाऊंनी हँडलवरून एकदा हात फिरवला. मग दुकानदाराला म्हणाले, "हाच राहू द्या. नट पक्के आवळा."

त्यानंतर वहिनी बऱ्याचदा गाडीवर मागं दिसायला लागल्या. मागून ट्रक आला की उजव्या खांद्यावर थाप, थांबायचं असलं की दोन. भाऊ सगळ्यांना सांगत, "आता मले मागूनबी ऐकू येते!"

निवृत्त झाल्यावर ते दोघं मूल तालुक्यातल्या आपल्या गावी राहायला गेले. सामानाचा टेम्पो सकाळीच पुढं गेला होता. हे दोघं गाडीवर निघाले, तेव्हा सगळा ब्लॉक खाली उतरला होता. "सांभाळून जा" असं आम्ही चार-पाच जण एकदम म्हणालो. भाऊंना ते ऐकू गेलं नाही, पण वहिनींनी त्यांच्या वतीनं हात हलवला. गाडी पाण्याच्या टाकीमागं वळली. लोक पांगले.

मीही घरात जायला वळलो, तर माझ्या बायकोनं दंड धरला.

"थांबा ना. अजून ऐकू येऊन राह्यली."

मला गाडीचा आवाज केव्हाच ऐकू येईनासा झाला होता. पण मी थांबलो.