गेंटच्या चर्चमधली बाई कुणाकडे बघते

कोविडच्या आदल्या वर्षी, मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी, बेल्जियममधील गेंट शहरातल्या एका लहान चर्चमध्ये पेण आणि रोह्याच्या वीसेक प्रवाशांनी एक चित्र बंद अवस्थेत पाहिले, त्याला नमस्कार केला आणि ते जेवायला निघून गेले. मी त्यांच्यात होतो.

सहल आठवड्याची होती. पत्रकावर ‘फ्लेमिश कलानगरी’ असे छापले होते. ब्रूज, गेंट, ब्रुसेल्स, मेखेलेन, अँटवर्प. जवळजवळ रोज एक शहर, दोन चर्चे, एक संग्रहालय आणि रात्री भारतीय जेवण. सहल काढणाऱ्या बाईंचे ऑफिस पेणला रामवाडीत आहे. एरवी त्या अष्टविनायक, चारधाम आणि अलीकडे दुबई करत. बेल्जियमला त्या पहिल्यांदाच माणसे नेत होत्या. त्याला कारण माझे साडू.

साडू रोह्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. त्यांच्या वर्गात भिंतीवर एक चित्र असे. बोटीवर नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने कुठलेसे परदेशी कॅलेंडर आणून दिले होते. वर्ष संपल्यावर तारखा कापून साडूंनी ते पुठ्ठ्यावर चिकटवले. मांडीवर बाळ घेतलेली, हिरव्या झग्यातली मेरी. बाळाकडे तिचे लक्ष नाही. ती उजवीकडे, चित्राच्या चौकटीबाहेर बघते आहे. खाली बारीक अक्षरात चर्चचे नाव होते आणि हे तीन फळ्यांपैकी फक्त मधल्या फळीचे चित्र आहे, असे लिहिले होते.

दर वर्षी सातवीला ते एक विषय देत: ही बाई कुणाकडे बघते ते काढा. मुलांनी मांजर काढले, सासू काढली, कोळीण, गणपती, शाळेचा शिपाई, सगळे काढले. सहलीच्या बाई त्याच शाळेच्या. त्यांनी एसटी काढली होती. सर सगळ्यांना चांगले मार्क देत. खरे उत्तर त्यांनाही माहीत नव्हते. निवृत्तीनंतर मुलाने इंटरनेटवर शोधून दिले, तर तिथेही मधलीच फळी. बाईंना हे कुठल्याशा लग्नात कळले आणि त्यांनी सरांसाठी ते चर्च कार्यक्रमात घातले. साडूंनी ब्रूजला उतरल्या दिवशीच मला सांगितले होते की बाकीचे काही दिसले नाही तरी चालेल, तेवढे दिसले पाहिजे.

ब्रूजचे दोन दिवस मजेत गेले. तिथले कालवे बघून रोहेकरांनी आपल्या कुंडलिका नदीला असाच घाट बांधायला हवा होता असे ठरवले. जोह्याला गणपतीचा कारखाना असलेले एक गृहस्थ प्रत्येक पुतळ्यापाशी थांबून डोळ्यांची आखणी बरी की वाईट ते सांगत. स्थानिक गाइड इंग्रजीत सांगे, बाई मराठीत सांगत, आणि मागच्या सीटवरून पोह्याच्या पापडांचा डबा पुढे येत असे. त्या डब्यामुळे एका संग्रहालयात आम्हाला बाहेर काढता काढता ठेवले.

गुरुवारी गेंट. सकाळ मोठ्या चर्चमध्ये गेली. मग गाइड दुपारपुरता सुटला आणि बाईंनी आम्हाला त्या लहान चर्चमध्ये नेले. आत गारवा होता. दाराशी एक म्हातारी राखणदार बाई विणत बसली होती. तिला आम्ही ओळीने नमस्कार केला. डाव्या अंगाच्या कोनाड्यात, कठड्यापलीकडे, चित्र होते. त्याच्या दोन्ही बाजूच्या फळ्या दारासारख्या मिटलेल्या होत्या. बाहेरच्या अंगाला करड्या रंगात, दगडी मूर्ती वाटाव्यात असे दोन संत रंगवले होते. कठड्यावर त्यांच्या भाषेत लिहिलेली एक पाटी होती. ती कुणाला वाचता येत नव्हती.

 मग जोह्याचे गृहस्थ म्हणाले की दुपार आहे, नैवेद्य होऊन दार लोटलेले दिसते. हे सगळ्यांना लगेच पटले. आमच्याकडे बहुतेक देवळांत तसेच असते: दुपारी गाभारा बंद, चारला उघडतो. बाईंनाही पटले. साडूंना तर शंकाच आली नाही. म्हातारीला विचारावे असे एकाच्याही मनात आले नाही, कारण त्यात विचारण्यासारखे काही नव्हते. आम्ही कुजबुजत, पावलांचा आवाज न करता बाहेर आलो.

जेवण झाले, बोटीची फेरी झाली. बोटीत साडू घड्याळ बघत होते. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोला म्हणाली, “मला बघायला आले तेव्हा एवढी घाई नव्हती हो यांना.”

चारला आम्ही परत गेलो तेव्हा म्हातारी कोट घालून दाराला कुलूप लावत होती. गाइड आता बरोबर होता. त्याने तिच्याशी बोलून आम्हाला सांगितले ते असे: या चित्राच्या फळ्या जुन्या असल्यामुळे सतत उघड्या ठेवत नाहीत. कोणी म्हटले की ती उघडून दाखवते. दिवसभर, साडेतीनपर्यंत. पाटीवर तेच लिहिले आहे. आम्ही दुपारी इतक्या शांतपणे बघून गेलो की आम्हाला बाहेरचीच बाजू आवडत असावी असे तिला वाटले.

बाईंनी एकदा उघडण्याची विनंती केली. म्हातारीने मान हलवली. आतली किल्ली दुसऱ्या माणसाने नेली होती. बस थांबवून ठेवण्याचा उपयोग नव्हता. त्या रात्रीचा मुक्काम ब्रुसेल्सला होता.

“सर, मी विचारायला हवं होतं,” बाई म्हणाल्या.

“मी तरी कुठं विचारलं,” साडू म्हणाले, आणि बसमध्ये जाऊन बसले.

ब्रुसेल्सपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर बघितले. जोह्याच्या गृहस्थांनी पापडाचा डबा पुढे केला, तोही त्यांनी घेतला नाही. शुक्रवारी मेखेलेन, शनिवारी अँटवर्प, रविवारी विमान. गेंटला परत येणे कार्यक्रमात नव्हते.

वाट मेव्हणीने काढली. जेवताना तिने बाईंना विचारले की उद्या सकाळी काय आहे. बाई म्हणाल्या, चॉकलेटचा कारखाना, मग दुपारी मेखेलेन.

“यांना डायबेटिस हाय,” मेव्हणी म्हणाली. “कारखान्यात जाऊन काय करनार? वास घेनार? त्यापेक्षा जाऊ दे परत त्या बाईला बघायला.”

साडूंनी एकट्याने जाणार नाही म्हटले. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी वर्तमानपत्रात नोकरी केली म्हणजे मला परदेशात रेल्वेही कळत असेल, असा सर्वसाधारण समज होता. बाईंनी मला गाडीची वेळ सांगितली आणि दुपारच्या बसपर्यंत परत या, असे दोनदा बजावले.

गेंट ब्रुसेल्सहून अर्ध्या तासावर आहे. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा म्हातारी विणत होती. तिने आम्हाला ओळखले. मी चित्राकडे बोट केले आणि दोन्ही हातांनी दार उघडल्याची खूण केली. ती हसली आणि किल्ल्या घेऊन उठली.

आधी तिने डावी फळी उघडली. तिच्यावर एक जाडजूड माणूस गुडघे टेकून बसला होता, मागे उंचीप्रमाणे तीन मुलगे, सगळ्यांचे हात जोडलेले. हा कापडाचा व्यापारी होता आणि चित्राचे पैसे त्याने दिले, असे म्हातारीने मोडक्या इंग्रजीत सांगितले. मी ते साडूंना सांगितले.

“म्हनजे वर्गणीदार,” साडू म्हणाले. “मंडळाच्या बॅनरवर असतो तसा.”

मग उजवी फळी उघडली. तिथे व्यापाऱ्याची बायको आणि मागे चार मुली होत्या. साडू कठड्याला टेकून उभे राहिले. त्यांनी मेरीच्या डोळ्यांपासून हवेत बोटाने एक रेघ ओढली आणि ती उजव्या फळीवर नेली. ती बायकोवरून गेली, तीन थोरल्या मुलींवरून गेली. बोट धाकटीपाशी थांबले. त्यांनी पुन्हा तसेच केले. मी त्यांच्या मागे उभा राहून बघितले. मला रेघ तिथेच जाताना दिसली. ते बराच वेळ बघत राहिले. म्हातारीने घाई केली नाही. मी फोटो काढू का विचारले, तर तिने कठड्यावरच्या दुसऱ्या पाटीकडे बोट दाखवले. त्या पाटीवर कॅमेऱ्याचे चित्र होते आणि त्यावर काट.

त्या मुलीचे नाव मी म्हातारीला विचारले. कुणाचेच नाव माहीत नाही, असे ती म्हणाली.

आम्ही वेळेत ब्रुसेल्सला पोचलो. बसमध्ये चॉकलेटचा वास होता. मेव्हणीने साडूंचे तोंड बघितले आणि खिडकीकडची जागा त्यांना दिली. बस मेखेलेनच्या रस्त्याला लागल्यावर बाई पुढून उठून आल्या आणि माइक सरांच्या हातात दिला.

“सर, सांगा आता. कुणाकडे बघते?”

“सगळे हात जोडून बसलेत,” साडू म्हणाले. “एक बारकी पोरगी हाय, तिनं नाय जोडले. ती पाव खातेय. तिच्याकडं बघते ती.”

आणि त्यांनी माइक परत दिला.